पर्णरोधक पन्हळ

उतरत्या छपराच्या वळचणीला बसवलेल्या पन्हळीत पालापाचोळा साचू नये म्हणून तिच्या तोंडावर जाळी, सच्छिद्र पत्रा किंवा वक्र झाकण लावतात. त्यास पर्णरोधक किंवा लीफ गार्ड म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील स्वतंत्र घरांवर ही योजना विशेष आढळते. पर्णरोधकाने सफाईचे काम संपत नाही. ते पन्हळीच्या पोटातून बरेचसे जाळीच्या पाठीवर येते, आणि हे ध्यानात न घेतल्यानेच पुष्कळ ठिकाणी निगेची हेळसांड होते.

छपराचे पाणी भिंतीपासून दूर नेण्याची तजवीज जुनी आहे. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२४० मध्ये लंडनच्या किल्ल्यातील व्हाइट टॉवर या बुरुजाच्या शिशाच्या पन्हळी जमिनीपर्यंत आणण्याचा हुकूम दिला. नव्याने सफेदी केलेली भिंत पावसाने खराब होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पन्हळीचे पाणी खाली आणणाऱ्या उभ्या नळाच्या आरंभीच्या लेखी उल्लेखांत याची गणना होते. पर्णरोधकाचे जनकत्व मात्र कोणा एकाला देता येईल असे दिसत नाही. साध्या तारेच्या जाळीपासून तो क्रमाने विकसित झाला असावा.

वक्र झाकणाच्या प्रकारात पाणी गोलसर कडेला बिलगून वळते व अरुंद फटीतून आत उतरते, तर पाने पुढे घसरून खाली पडतात. याचे श्रेय कधी पृष्ठताणाला, तर कधी रुमानियन अभियंता आंरी क्वांडा (१८८६–१९७२) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाला दिले जाते. तथापि क्वांडा परिणाम मुळात भोवतालचा द्रायू (द्रव किंवा वायू) ओढून घेणाऱ्या झोतासंबंधी असल्यामुळे हवेत उघड्या वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थराला तो जसाच्या तसा लावणे योग्य वाटत नाही. किटलीच्या तोटीखालून चहा ओघळतो, त्या घटनेशी याचे नाते अधिक जवळचे आहे. शास्त्रज्ञ मार्कस राइनर यांनी १९५६ मध्ये तिची चर्चा केली. पुढील वर्षी गणितज्ञ जोसेफ केलर यांनी पृष्ठताणापेक्षा दाबातील फरकावर भर दिला. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी पृष्ठभाग कितपत ओला होतो ही बाब निर्णायक असल्याचे दाखवले. निगेच्या दृष्टीने हे शेवटचे मत अधिक उपयोगी ठरते, कारण त्यानुसार झाकणावरील धूळ व तेलकट थर यांनाही महत्त्व येते.

अगंज पोलादाच्या (स्टेनलेस स्टीलच्या) बारीक जाळीत पाने शिरत नाहीत. पण परागकण, ओकच्या मोहराचा चुरा आणि डांबरी शिंगलवरून (छपरावर कौलांसारख्या बसवलेल्या पातळ तुकड्यांवरून) सुटलेली खडी यांचा लेप छिद्रांवर बसतो व जोराच्या सरीत पाणी जाळीवरून थेट खाली कोसळते. हा लेप मऊ कुंचल्याने व पाण्याच्या हलक्या धारेने निघतो. जोरकस फवाऱ्याने जाळी वाकण्याचा किंवा पाणी शिंगलखाली शिरण्याचा संभव असतो. जाड जाळीत पाइनची सूचिपर्णे उभी अडकतात व ती हातानेच उपटावी लागतात. फोमच्या पट्ट्यांत माती धरून रोपे उगवतात, म्हणून हा प्रकार दाट झाडीखाली टाळलेला बरा. वर्षातून निदान एकदा जाळीचा एखादा तुकडा काढून पन्हळीचा तळ आणि उभ्या नळाचे तोंड तपासावे. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. उत्तर क्वीन्सलंडमध्ये डेंग्यूवाहक *एडिस इजिप्ती* डासाच्या अळ्या छपराच्या पन्हळीत आढळल्या आहेत. शिडी लावताना दर चार फूट उंचीला पायथा एक फूट दूर ठेवतात आणि ती पन्हळीवर टेकवत नाहीत, कारण पातळ ॲल्युमिनियम दबून पन्हळीचा उतार बिघडतो.

वणव्याच्या प्रदेशात सुका पाला ठिणगीने पेटतो. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम संहितेत अशा भागांतील नव्या घरांच्या पन्हळीत पाला साचू न देण्याची सोय आवश्यक धरली आहे, तर ऑस्ट्रेलियाच्या एएस ३९५९ या मानकानुसार पर्णरोधक बसवल्यास तो न जळणाऱ्या पदार्थाचा असावा लागतो.

कोकणातील कौलारू घरांच्या पत्र्याच्या पन्हळी आगोटीच्या (पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या) कामांत हाताने साफ करतात. पर्णरोधकाचा वापर तेथे फारसा रूढ नाही.