बेअरबोन लॅपटॉप नेलाय? रॅम-एसएसडी मागवायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून बेअरबोन लॅपटॉप नेणाऱ्यांसाठी हा कागद मुद्दाम काढलाय, कारण दर आठवड्याला दोन-तीन जण तरी तेच सांगत येतात, "दादा, सगळं बसवलं पण चालू होत नाहीये." बेअरबोन म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, बॉडी, बोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड आमच्याकडून, रॅम आणि एसएसडी तुमच्या सोयीने, काही पीसला बॅटरीसुद्धा नसते आणि तसं आम्ही बिलावर लिहून देतो. पैसे वाचवायला हा रस्ता चांगलाच आहे, फक्त एका चुकीपायी वाचलेले पैसे परत जातात, म्हणून आधी तेच.

ऑनलाइन 'एम.२ एसएसडी' असं बघून ऑर्डर मारू नका. एम.२ हे पट्टीच्या आकाराचं नाव आहे, आतून ती साटा (जुनी, सावकाश पद्धत) आहे की एनव्हीएमई (नवी, वेगवान) ते त्यातून कळत नाही. दोन्ही दिसायला सारख्याच, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक वेळा ८० लांब, म्हणूनच वर २२८० लिहिलेलं असतं. फरक ओळखायचा तर सोनेरी पिनांकडे बघा, दोन खाचा असतील तर ती बहुतेक साटा, एकच खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. पण खाच बघून थांबू नका, स्टिकर वाचा, कारण दोन खाचांच्या एनव्हीएमईपण असतात. आणि घोळ इथेच होतो, साटाची पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये आरामात बसते, स्क्रूपण लागतो, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) तिचं नावच येत नाही.

मागे कोरेगावहून एक पॉलिटेक्निकचा मुलगा आला होता, थिंकपॅड टी४८० आमच्याकडूनच नेलेला, ५१२ जीबीची पट्टी ऑनलाइन घेतलेली. दोन दिवस बिचारा विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह परत परत बनवत होता, त्याला वाटलं विंडोजच खराब आहे. मागचं झाकण काढलं, पट्टी बाहेर ओढली तर दोन खाचा आणि स्टिकरवर बारीक अक्षरात साटा लिहिलेलं. टी४८० चा एम.२ ट्रे (पट्टी धरून ठेवणारी चौकट) फक्त एनव्हीएमई घेतो. पाकीट फोडलेलं असल्यामुळे विकणाऱ्याने परत घेतलं नाही, घरच्यांनी महिनाभर बाजूला काढून ठेवलेले पैसे होते ते. आम्ही ती पट्टी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनला लावून थोडेफार पैसे सोडवून दिले पण प्रत्येक वेळी असं जमतंच असं नाही.

याच टी४८० चं अजून एक सांगायचं म्हणजे बेअर पीसला तो ट्रे आणि त्याची केबल असतेच असं नाही, आधीच्या मालकाने अडीच इंची डिस्क लावलेली असेल तर तिची केबल वेगळी. नेताना विचारून घ्या, नसेल तर आम्ही घालून देतो. आणि महागडी जेन ४ एसएसडी त्यात घालू नका, तिथे डेटा जायची लाइन पीसीआयई ३ च्या, म्हणजे जेन ३ च्या, दोनच लेनची आहे, म्हणजे सेकंदाला २ जीबीच्या वर काही जाणारच नाही. साधी जेन ३ बास होते. वाचलेले पैसे रॅमला लावा.

आता रॅम. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळी असते, त्यामुळे तिथे निदान लगेच कळतं, जोर लावू नका एवढंच. फसवते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल ची जोडी, दोघींना २०४ पिना, खाच एकाच जागी, पण एक १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या जनरेशनच्या प्रोसेसरवाल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ वालीच लागते, दुसरी घातली की स्क्रीन काळीच राहते आणि माणूस म्हणतो बोर्ड गेला. स्टिकरवर पीसी३एल लिहिलंय का बघा, नुसतं पीसी३ असेल तर घेऊ नका. स्पीडच्या आकड्यापायी जास्त पैसे घालवू नका, २४०० च्या मशीनला ३२०० ची रॅम लावली तरी ती २४०० नेच चालणार. स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, चालते.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला म्हणून, त्यामुळे "मागच्या वर्षी एवढ्यात मिळत होती" हे आम्हालाही मान्य आहे पण आमच्या हातात नाही. बजेट कमी असेल तर ४-४ च्या दोन घेण्यापेक्षा ८ ची एकच घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा. दोन पट्ट्यांनी ग्राफिक्स थोडं जास्त चांगलं चालतं हे खरंय, पण पुढे वाढवायची वेळ आली की ४ च्या दोन्ही काढून टाकाव्या लागतात. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर असते, ती वाढतच नाही, असा पीस आम्ही ८ जीबीच्या खालचा विकायलाच ठेवत नाही.

वायफाय कार्डाचं थोडक्यात, एएक्स२०१ स्वस्त दिसतं पण ते ठरावीक नव्या इंटेल बोर्डांवरच चालतं, टी४८० ला किंवा एएमडी प्रोसेसरच्या मशीनला नाही. एएक्स२०० घ्या. बॅटरीचं म्हणाल तर टी४८० ला आत एक आणि बाहेर एक अशा दोन लागतात, पण सुरुवातीला एकीवरसुद्धा मशीन चालतं, दुसरी दोन महिन्यांनी घेतली तरी चालेल.

बरेच जण विचारतात की सहाव्या-सातव्या जनरेशनचे पीस स्वस्त असताना तुम्ही आठव्याच्या खाली का देत नाही. विंडोज ११ इंटेलमध्ये अधिकृतपणे आठव्यापासून चालतं आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून. लिनक्स टाकून वापरणार असाल तर सांगा, जुना पीस मागवून देतो, पण ऑफिसच्या किंवा टॅलीच्या कामाला तो आम्ही गळ्यात मारणार नाही.

बाहेरून आणलेला पार्ट बसवायचे आणि तपासायचे आम्ही १५० रुपये घेतो यावर काही जण नाराज होतात. एक लॅपटॉप उघडून, रॅम एकेक स्लॉटला लावून बघून, बंद करून द्यायला अर्धा-पाऊण तास जातो हो, आणि पार्ट आमचा नसला तरी "चालत नाही" हे ऐकायला आम्हीच असतो. आमच्याकडून पार्ट घेतला तर बसवणं फुकट आणि तुमच्यासमोर अर्धा तास मेमरी टेस्ट लावून दाखवतो. आमचा भाव ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त असतो हे लपवत नाही, कारण आम्ही पुण्याच्या टापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बिलाचा माल आणतो आणि नाही चालला तर तुमच्या जागी आम्ही तिकडे भांडतो. बाहेरूनच घ्यायचं असेल तरी काही हरकत नाही, ऑर्डर करायच्या आधी त्या पार्टचा स्क्रीनशॉट आणि लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, चालेल का नाही ते सांगायचे पैसे आम्ही घेत नाही.

दुकानात येताना चार्जर आणि बिल सोबत आणा. झाकण घरी उघडलं असेल तर स्क्रू एका कागदात गुंडाळून आणा, लांब-आखूड मिसळू देऊ नका, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर तो थेट बोर्डाला लागतो.