पार्श्वभूमी : सातारचा सामना आणि बाळूंना न मिळालेले कर्णधारपद

डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांच्याविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यात सातारच्या सामन्याला फार तर एखादी ओळ मिळते, तीही गमतीदार किस्सा म्हणून. वास्तविक त्यांच्या कारकिर्दीत पुढे जो वाद वर्षानुवर्षे धुमसत राहिला, त्याची सगळी लक्षणे या एका सामन्यात दिसतात.

1876 मध्ये धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू क्रिकेटच्या मैदानावर आले ते खेळाडू म्हणून नव्हे, तर नोकर म्हणून. पुण्यातल्या एका पारशी क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे या कामाचे त्यांना महिना 3 रुपये मिळत. पुढे गोऱ्यांच्या क्लबात 4 रुपये मिळू लागले. तिथे जाळी बांधणे, पट्टी आखणे ही कामे आटोपली की ते सरावासाठी आलेल्या साहेबांना गोलंदाजी करीत. त्यांतला एक नामांकित फलंदाज स्वतः बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. तासन्‌तास चाललेल्या या गोलंदाजीतून त्यांचा टप्पा पक्का झाला. मात्र त्या क्लबात त्यांना फलंदाजी करू दिली जात नसे.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घ्यावे की नाही, यावर संघातच दोन तट पडले होते. तेलुगू सदस्य अनुकूल होते, तर विरोध स्थानिक मराठी ब्राह्मण सदस्यांचा होता, हे आपण मराठी लोकांनी आडवळणाने न सांगता सरळ सांगायला हवे. अखेर बाळू संघात आले, पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत असताना त्यांना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. तोंड धुवायचे असेल तर पाणीही अस्पृश्य नोकरच आणून देई.

1890 च्या दशकात हा संघ साताऱ्याला आला. 1848 मध्ये संस्थान खालसा झाल्यापासून इथे इंग्रज अधिकाऱ्यांचा राबता होता आणि त्यांचा जिमखाना केवळ गोऱ्यांसाठी होता. बाळूंची ख्याती कानावर आल्याने यजमानांनी आपल्या माळ्याकडून खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून घेतला. माती दाबून टणक केली की चेंडूला पकड मिळत नाही, तो सरळ येतो आणि फिरकी निष्प्रभ ठरते, असा त्यांचा हिशेब होता. हा उपाय ज्याच्यावर योजला, त्याचे स्वतःचे पोट काही वर्षे रोलर ओढण्यावर चालले होते, हे बहुधा त्यांच्या लक्षात आले नसावे. बाळूंनी 7 बळी घेतले आणि पुण्याने सामना जिंकला. परतल्यावर झालेल्या सत्काराला उच्च न्यायालयाचे एक सुधारक न्यायमूर्ती हजर होते. ज्याच्याबरोबर मैदानात खेळता त्याच्याबरोबर जेवायला-पाणी प्यायला काय हरकत आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. असे सामने प्रथम दर्जाचे नसल्याने ते 7 बळी बाळूंच्या अधिकृत आकड्यांत नाहीत. तिथे 33 सामन्यांत 15.21 च्या सरासरीने 179 बळी एवढीच नोंद सापडते.

पुढे बाळू मुंबईला गेले. तिथे संघ धर्म-समाजांनुसार असत. 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाची दाणादाण उडाली, तरी खांदा दुखत असताना बाळूंनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. एवढे झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे येणे ओघाने आलेच असते; ते आले नाही. 1913 मध्ये ज्यांची निवड झाली, त्या कर्णधारांनीच हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. तरीही निवड समिती बधली नाही. नेतृत्वाला शिक्षण आणि सामाजिक वजन लागते, हा तेव्हाचा युक्तिवाद आज कोणी गांभीर्याने मांडणार नाही. कारण डावपेच कळणारा गोलंदाज क्षेत्ररचना लावू शकत नाही, असे त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकणाऱ्या समितीने म्हणणे मुळातच विसंगत होते.

1920 मध्ये पुण्यातल्या चौरंगी स्पर्धेपूर्वी (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांच्या) मात्र कडेलोट झाला. बाळूंना वगळण्यात आले, आणि नियोजित कर्णधार आजारी असल्यामुळे पहिल्या सामन्याचे नेतृत्व बाळूंचा ज्येष्ठ फलंदाज भाऊ विठ्ठल याला डावलून दुसऱ्याकडे सोपवले गेले. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ निवेदन काढून संघाबाहेर पडले. लोकमत त्यांच्या बाजूने झुकल्यावर अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार म्हणून परतले. त्या सामन्यात कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरती सूत्रे बाळूंच्या हाती आली. कर्णधारांनी हे हेतुपुरस्सर केले असावे, असे मानायला जागा आहे. 1923 मध्ये विठ्ठल पूर्ण अधिकाराने कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. तोवर बाळूंची पन्नाशी जवळ आली होती.

सातारकरांच्या दृष्टीने यापुढचा भाग अधिक जवळचा आहे. पुण्याचा संघ येऊन गेला त्याच दशकात आंबेडकर कुटुंब साताऱ्यात राहायला आले, आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव इथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. 1932 च्या पुणे करारावर बाळू आणि डॉ. आंबेडकर या दोघांच्याही सह्या आहेत. 1937 च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत मात्र दोघे समोरासमोर उभे ठाकले. बाळूंना 11,225 मते पडली, तर डॉ. आंबेडकर 13,245 मते मिळवून निवडून आले.