प्रीमियम भरला तेवढा कर वाचतो का?

‘आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा जेवढा प्रीमियम भराल, तेवढा कर माफ’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ‘सवलत’ हा शब्द सगळीकडेच वापरतात. पण वजावट होते ती उत्पन्नातून, करातून नाही.

समजा, प्रीमियम ४०,००० आहे आणि तुमच्या वरच्या उत्पन्नावर २० टक्के कर लागतो. पूर्ण वजावट मिळाली तरी करपात्र उत्पन्न ४०,००० ने घटतं, कर मात्र ८,००० नेच. वजावटीला मर्यादा असेल तर त्याहूनही कमी. आणि ज्या ज्येष्ठांना मुळात करच लागत नाही, त्यांची वजावटीमुळे काहीच बचत होत नाही. हे त्यांना कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

कराचा हिशोब दोनदा मांडून बघा, एकदा वजावट धरून, एकदा सोडून. फरक येईल तीच खरी बचत. पॉलिसीवर सही करण्याआधीच हे करा.