पाठीतली सुई आणि कंबरदुखी

गुडघा बदलायचं ठरलं की घरात पहिली सूचना येते: "पाठीत भुलीची सुई घेऊ नका, कंबर जन्माची जाते." सिझेरियन झालेली एखादी मावशी पुरावा म्हणून हजर असतेच.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली टोचतात आणि ती असते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, क्वचित डोकं दुखतं, एवढं खरं. पण कायमच्या कंबरदुखीचा दोष सुईचा नाही. बाळंतपणात पाठीतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली आहे. पुढे राहणाऱ्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. मावशीची कंबर दुखते हे खोटं नव्हे, कारण मात्र दुसरं.

गुडघ्याच्या ऑपरेशनची खरी वेदना भूल उतरल्यावर, काही तासांनी सुरू होते. म्हणून मांडीत सोनोग्राफीवर बघत नसेजवळ औषध सोडतात, म्हणजे ब्लॉक देतात. गुडघ्याचा पुढचा भाग बधिर होतो, मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते आणि पेशंट लवकर उभा राहतो, अर्थात कुणीतरी धरूनच! गुडघ्याची मागची बाजू मात्र त्यात नीट बधिर होत नाही. त्यामुळे गोळ्या घड्याळ लावून घ्याव्यात, दुखायची वाट बघत बसू नये.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. घाबरायचंच तर ती लपवायला घाबरा.