निलवंत, हळदीकुंकू आणि साठ हजार मते

शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण. महाराष्ट्राची ही मानचिन्हे शाळेतच पाठ होतात. जून 2015 मध्ये त्यांत एका कीटकाची भर पडली. राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिलेच राज्य. तेव्हाच्या बातम्यांत त्याला ‘राणी पाकोळी’ म्हटले होते. पुढे ‘निलवंत’ हे नाव रुळले.

निवड चांगली होती. पंखांचा विस्तार 12 ते 15 सेंटिमीटर, मखमली काळ्यावर फिकट निळे पट्टे. एकदा पाहिले की ओळख विसरत नाही. वास्तव्य मुख्यतः सह्याद्री, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत. अंडी घालते ते माकडलिंबू, पपनस अशा लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. त्यामुळे राज्य फुलपाखराचे कौतुक करणारा माणूस झाडावरची तीच अळी चिमटीत धरून फेकून देतो, असेही घडते.

हा निर्णय मात्र सरकारी बैठकीतला होता, लोकांना कोणी विचारले नव्हते. महाराष्ट्रामागोमाग उत्तराखंड, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू यांनीही आपापली फुलपाखरे निवडली. लोकांचा कौल घेतला गेला तो 2020 मध्ये. देशभरातले अभ्यासक आणि हौशी निरीक्षक एकत्र आले, जाणकारांनी सात नावे निवडली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय फुलपाखरासाठी ऑनलाइन मतदान झाले. निकष काटेकोर होते: सहज ओळखता यावे, फार सर्रास दिसणारे नसावे, अळी उपद्रवी नसावी आणि कोणत्याही राज्याने आधी निवडलेले नसावे. या शेवटच्या अटीमुळे निलवंत शर्यतीत उतरूच शकले नाही. पहिले येण्याची ही किंमत!

तरीही सुमारे 60 हजार मतांपैकी सर्वाधिक मते महाराष्ट्रातूनच पडली. कृष्णा पीकॉक, हळदीकुंकू म्हणजे इंडियन जेझबेल, आणि पंख मिटले की वाळके पान वाटणारे ऑरेंज ओकलीफ ही तीन नावे आघाडीवर राहिली. यांतले कृष्णा पीकॉक हे पूर्व हिमालयातले. मत देणाऱ्या किती मराठी माणसांनी ते प्रत्यक्ष उडताना पाहिले असेल, शंकाच आहे. हळदीकुंकू मात्र शहरातल्या झाडांवरही भेटते. माझे मत त्यालाच गेले असते. पुढचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या हाती सोपवण्यात आला.

लोकांचे प्रेम रंगीत पंखांवर पटकन जडते, हे खरेच. सह्याद्रीतले गोड्या पाण्यातले खेकडे किंवा कोळी यांच्यासाठी असा उत्साह दिसत नाही. पण तसे व्हायलाच हवे असेही नाही. ब्रिटनमध्ये 2024 साली ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राने वाचकांना देशातला आवडता अपृष्ठवंशी प्राणी निवडायला सांगितले, तेव्हा पहिला आला तो गांडूळ.