१,७६,६३,१९,०४९
एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. ६१क्ष² + १ = य² या वर्गप्रकृतीच्या (अशा वर्ग-समीकरणाचे जुने नाव) धन पूर्णांकी उकलींपैकी सर्वांत लहान उकलीतील य ची किंमत. तेव्हा क्ष = २२,६१,५३,९८०. क्ष² चा गुणक शंभराच्या आत असताना इतकी मोठी लघुतम उकल दुसऱ्या कोणत्याही गुणकाला लागत नाही. ६० ला क्ष = ४, य = ३१ एवढ्यावर भागते.

भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ. स. १११४) आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ६७ आणि ६१ ही उदाहरणे एकत्र घातली आहेत. रीत चक्रवालाची, म्हणजे एका उकलीवरून पुढची काढत फेऱ्या करण्याची. ८² − ६१×१² = ३ पासून सुरुवात होते. मग ७ निवडतात, कारण ७ + ८ ला ३ ने नि:शेष भाग जातो आणि अशा संख्यांत ७ चाच वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ पडतो. एवढ्यानेच ३९² − ६१×५² = −४ हाती येते. क्षेप, म्हणजे उजवीकडची संख्या, −४ झाला की ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे उकलींच्या संयोगाने नवी उकल काढण्याची रीत (इ. स. ६२८), पुरते: २९,७१८² − ६१×३,८०५² = −१, आणि २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १ म्हणजे प्रस्तुत संख्या. एवढ्या मोठ्या उत्तराला एवढी थोडी आकडेमोड पुरावी, ही या रीतीची खरी थोरवी. चक्रवालाचे मूळ श्रेय मात्र जयदेव या गणितज्ञाकडे जाते असे दिसते; त्याची रीत १०७३ च्या एका टीकाग्रंथात उद्धृत आहे. फ्रेंच गणितज्ञ फेर्माने १६५७ मध्ये ६१ चाच प्रश्न यूरोपीय गणितज्ञांपुढे टाकला. त्याला भास्कराचार्यांचे काम ठाऊक असल्याचा पुरावा नाही.

प्रस्तुत संख्येचे मूळ अवयव ११, ५९, १,५२३ आणि १,७८७. चौघांनाही २४ ने भागले असता बाकी ११ उरते. प्रस्तुत संख्येला क्ष ने भागले की √६१ ची किंमत दशांशचिन्हापुढे १७ घरांपर्यंत बरोबर येते.

भास्कराचार्यांचा खानदेशाशी संबंध पाटण या गावामुळे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, पाटणादेवीच्या परिसरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात आहे. दानाचा शक ११२८ की ११२९ याबद्दल मतभेद असल्याने इ. स. १२०६–०७ असे मोघम म्हणणे बरे. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाबद्दलही वाद आहे. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड सांगतात. नामसाम्यावरून काहींनी ते विजापूर मानले. पण विजापूर सह्याद्रीपासून बरेच दूर, सपाटीवर आहे. पाटण डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि वंशजांचा लेखही तिथेच सापडला, म्हणून खानदेशाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र लेख नातवाच्या मठाचा आहे. जन्म इथेच झाला असे तो म्हणत नाही.

लेखात भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाचे नाव आहे. बीजगणित हा त्याचाच भाग धरला, आणि तसा तो सामान्यतः धरतात, तर ६१ चे उदाहरण पाटणच्या मठात शिकवले जात असावे. काही अभ्यासक बीजगणिताला स्वतंत्र ग्रंथ मानतात. तरी लेखातील ‘इतर ग्रंथ’ या उल्लेखात तो येऊ शकतो. लेखाच्या अखेरच्या ओळी तत्कालीन मराठीत असून त्यांत मठाला लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील आहे.