ड्रेस्डेनचा दगडी घुमट कशाने कोसळला?

१५ फेब्रुवारी १९४५, सकाळी दहाचा सुमार. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर बॉम्बवर्षावानंतर अजून धुमसत होतं. आजूबाजूचं सगळं बेचिराख झालं होतं, पण फ्राउएनकिर्शे या प्रोटेस्टंट चर्चचा दगडी घुमट आगीच्या दोन रात्री काढून जागेवर उभा होता. सुमारे १२,००० टनांचा हा डोंगर त्या सकाळी खाली बसला. त्याला बॉम्बने पाडलं नाही. त्याचं दुखणं जन्मापासूनचं होतं, आगीने फक्त ते विकोपाला नेलं.

ड्रेस्डेन ज्या सॅक्सनी राज्यात होतं तिथला इलेक्टर (राज्यकर्ता) ऑगस्ट पोलंडची गादी मिळावी म्हणून १६९७ साली कॅथलिक झाला. प्रजा मात्र ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथातच राहिली. अशा काळात शहराच्या कारभाऱ्यांनी मोडकळीला आलेलं जुनं चर्च पाडून नवं बांधायचं ठरवलं आणि २६ ऑगस्ट १७२६ रोजी पाया घातला. काम सोपवलं गेओर्ग बेर या सुताराकडे. ल्यूथरच्या पंथात प्रवचन ऐकणं आणि सगळ्यांनी मिळून गाणं हाच उपासनेचा गाभा. लांबलचक दालनात मागच्या माणसाला काय ऐकू येणार? म्हणून बेरने आठ खांब गोलाकार उभे केले आणि भोवती एकावर एक लाकडी सज्जे रचले. प्रत्येक माणूस प्रवचनकाराच्या जवळ आला. वेदीच्या वर झिल्बरमान या कारागिराने घडवलेला ऑर्गन बसला. १ डिसेंबर १७३६ रोजी संगीतकार योहान सेबास्टियन बाखने तो वाजवला.

सुरुवातीच्या आराखड्यात घुमट लाकडी होता, वर तांब्याचा पत्रा. बेरने तो दगडाचा केला, आणि इथूनच खरं आव्हान सुरू झालं.

अर्ध्या संत्र्याचं साल पालथं ठेवून वरून दाबा. कडा बाहेर सरकतात आणि खालून वर उभ्या चिरा पडतात. दगडी घुमटाचं तसंच असतं. त्याचा भार नुसता खाली जात नाही, तळाशी तो बाहेरही रेटतो. दगड दाब उत्तम सोसतो, ताण जवळजवळ नाही. म्हणून लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात तशी बेरने घुमटात लोखंडी कडी बसवली. शिवाय खांबांपासून बाहेरच्या भिंतींपर्यंत आडव्या-तिरक्या भिंती बांधल्या, म्हणजे भार आठ खांबांवरच न पडता सगळ्या इमारतीत पसरेल. माझ्या मते ही कल्पना त्या काळच्या मानाने विलक्षण होती. ताण आणि दाब यांचं गणित मांडायची साधनं त्याच्याजवळ नव्हती, होती ती बांधणाऱ्याची नजर.

कल्पना बरोबर, पण प्रत्यक्षात भार भिंतींकडे पुरेसा गेलाच नाही. मोठा वाटा खांबांवरच राहिला, आणि खांबांच्या दगडांमधले चुन्याचे सांधे जाड होते. चिरा लवकरच दिसू लागल्या. बेर १७३८ साली वारला. काम १७४३ साली पुरं झालं. पुढे १७६० च्या वेढ्यात प्रशियन तोफगोळे या घुमटाला फोडू शकले नाहीत. बाहेरून येणाऱ्या घावांना तो पुरून उरला. आतला रेटा मात्र दिवसरात्र चालूच होता आणि विसाव्या शतकात मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या.

१९४५ साली खिडक्या फुटल्या आणि आग आत शिरली. सज्जे, बाकं, सगळं लाकूड पेटलं. एल्बे नदीकाठचा हा वाळूखडक बहुतांशी क्वार्ट्‌झचा. ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्‌झची स्फटिकरचना बदलते आणि तो एकाएकी फुगतो. खांबाची बाहेरची साल तापून फुगते, गाभा त्यामानाने थंड राहतो. साल तडकून ढासळते आणि भार पेलणारा खांब आतून-बाहेरून क्षीण होत जातो. आधीच ओझ्याने दमलेले खांब खचले आणि त्यांच्यामागे घुमट.

पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा स्मारक म्हणून तसाच राहिला. १९९० साली नागरिकांनी पुनर्बांधणीची हाक दिली आणि १९९३ पासून ढिगारा उपसायला सुरुवात झाली. बुलडोझर लावून नाही, उत्खननासारखी! दगड कुठे पडला यावरून तो मूळचा कुठला असेल ते ताडता येत होतं. दगड मोजले, त्यांना क्रमांक दिले, फळ्यांवर मांडले. जुने फोटो, मोजमापं आणि संगणक यांच्या मदतीने जागा शोधल्या. शिखरावरचा जुना क्रूसही वाकलेल्या अवस्थेत याच ढिगाऱ्यात सापडला.

अभियंत्यांनी बेरची रचना बदलली नाही, तिच्यातल्या उणिवा भरल्या. खांबांना अधिक मजबूत दगड आणि बारीक सांधे आले. बाहेर जाणारा रेटा धरायला पोलादी कडी बसवली, त्यामुळे भार भिंतींपर्यंत पोहोचू लागला. ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उपासनेसाठी उघडलं.

आज फिकट भिंतींवर काळे ठिपके दिसतात. ते साडेतीन हजारांवर जुने दगड. हा वाळूखडक हवेत काळवंडतो, त्यामुळे नवे दगडही हळूहळू त्यांच्याच रंगाकडे चालले आहेत.